उष्ट्या चमच्यांचा डबा

वन्संना माझा नमस्कार. वाकून केला आहे असं धरून चाला, कारण गुडघे आता वाकत नाहीत आणि वाकले तर परत सरळ होत नाहीत. वयाने तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी नमस्कार मी करायचा आणि आशीर्वाद तुम्ही द्यायचा, हा कायदा ज्याने केला त्याला नणंद नसावी. तुमची तब्येत कशी आहे? फार बिघडली आहे असं इथे सगळ्यांना कळलं आहे. अंथरुणातून उठवत नाही, हातपाय गार पडतात, अन्न घशाखाली उतरत नाही. (हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. वाटू द्या. खुलासा शेवटी केला आहे, पण शेवट आधी वाचायचा नाही. लहानपणापासून तुम्हाला ती खोड आहे.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. पत्रात असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

तुमचे भाऊ गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा तुम्ही आला नाहीत. लोक बोलले, मी बोलले नाही. मी त्याच घरात राहत होते म्हणून हजर होते, नाहीतर मीही आले नसते. तेव्हापासून आपला पत्रव्यवहार बंद, आणि आज एकदम एवढं जाडजूड पाकीट, म्हणजे म्हातारीला काहीतरी हवं असणार, असं तुमच्या मनात आलं असेल. तसं काही नाही. सहज लिहिते आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे ते चालवून घ्या. माझी शाळा दुसरीत सुटली आणि त्यानंतर लिहायचं म्हणजे दुधाच्या बाटल्यांवर नाव, एवढंच. या कागदांच्या पाठीवर छापील मजकूर दिसेल: गाजराचं सूप, मऊ भात, उकडलेले बटाटे. ते करून बघायला जाऊ नका. ते कागद कुठून आले तेच सांगणार आहे. वन्सं, मी या वयात शाळेत जात होते. हसून घ्या. तुमचं हसून होईपर्यंत मी चष्मा पुसते.

झालं असं की आमच्या रस्त्याच्या टोकाला चपलांचा एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्या माडीवर एका संस्थेने स्वयंपाकाचा वर्ग काढला. गरीब घरच्या बायकांसाठी, फुकट, तीन महिने, दुपारी दोन ते पाच. (बायकांना स्वयंपाक शिकवायचा! म्हटलं, उद्या माशांना पोहायचा वर्ग काढतील.) पण त्यात मेख अशी होती की शेवटी परीक्षा, आणि जी पास होईल तिला मोठ्या स्वयंपाकघरात नोकरी. पगार तिच्या स्वतःच्या नावाने बँकेत, दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही असा. जागा निघाली होती ती तुमच्याच गावच्या मोठ्या रुग्णालयात. आमच्या सुनेने तो कागद कुठून आणला देव जाणे. चार दिवस तो तिच्या उशीखाली होता. मला कसं कळलं विचारू नका, मी उशा उचलून बघते.

आमची सून तुम्ही पाहिलेली नाही. पाहण्यासारखं काही नाही. चालते तेव्हा पावलांचा आवाज येत नाही, बोलते तेव्हा शब्दांचा. नऊ वर्षांत तिचा जेवढा आवाज मी ऐकला तेवढा आमचा नळ एका सकाळी करतो. एक पातेलं घासायला घेतलं की तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं घासत बसते. खिडकी उघडते ती बंद करत नाही. असल्या बाईने पाचव्या दिवशी तो कागद नवऱ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, आता बघण्यासारखं आहे.

तुमचा भाचा (चांगला वागला तर माझा मुलगा, एरवी तुमचा भाचा; गेली काही वर्षं तो तुमचाच आहे) टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. त्याने कागद वाचला, नोकरीची ओळ तर नीट दोनदा वाचली आणि हसला. ही आणि नोकरी? पण वर्गात जे शिजतं त्यातला डबाभर वाटा रोज घरी मिळतो असंही खाली लिहिलं होतं. तेव्हा त्याने हो म्हटलं, आणि अट घातली की आई बरोबर बसेल. कोण येतं, कोण जातं, ही कुणाशी बोलते, सगळं मी संध्याकाळी सांगायचं. मी म्हटलं बरं. मला तरी दुपारी दुसरं काय काम होतं? तर अशी मी राखणदार म्हणून निघाले.

एकोणीस पायऱ्या चढून वर गेलो. अजून तिथे चामड्याचा आणि डिंकाचा वास येतो. कांदा परतला की तेवढ्यापुरता दबतो. पत्र्याची सहा टेबलं, सहा शेगड्या, एक मोठी खिडकी, आणि शिकवायला एक सव्वीस वर्षांची पोरगी, डोक्यावर माझ्या हाताएवढी उंच टोपी. आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. ती म्हणाली, नुसतं बसायला परवानगी नाही. एक बाई गळली आहे, आजींचं नाव घालते. घातलं सुद्धा! शिक्षण विचारलं. म्हटलं, दुसरी. वय विचारलं. म्हटलं, तुला किती चालेल? तिने साठ लिहिलं. (तुम्हाला माझं वय ठाऊक आहे. ते तुमच्यापाशीच ठेवा.) मग मला एप्रन बांधला, केसांवर जाळी चढवली, नखं कापली. आरशात बघितलं तर मी डाव्या बाजूने कांद्याच्या पोत्यासारखी आणि उजव्या बाजूने भरलेल्या पोत्यासारखी दिसत होते.

तिथलं काय काय सांगू. हात कोपरापर्यंत धुवायचे आणि धुताना वीस मोजायचे. मला विसाच्या आत राग यायचा. पन्नास वर्षं मी कांदा हातात धरून चिरला, दहाच्या दहा बोटं शाबूत. इथे येऊन फळीवर ठेवून शास्त्रशुद्ध चिरायला शिकले आणि पहिल्याच दिवशी अंगठा कापला. अंडं उकडायला घड्याळ लावायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक अंडीवाली होती, दारूच्या दुकानासमोर उकडलेली अंडी विकते, तिने मास्तरणीला विचारलं, बाई, घड्याळ बंद पडलं तर कोंबडीने काय करायचं? पंधरा दिवस असेच हसण्याखिदळण्यात गेले. आमची सून तेवढी हसत नव्हती. पण तिचा हात, वन्सं, खोटं कशाला बोलू, वर्गात कुणाचा नव्हता. गाजराचे तुकडे करायची तर सगळे एका आईची लेकरं. मास्तरीण तिची फळी उचलून सगळ्यांना दाखवायची, आणि ही जमिनीकडे बघत राहायची, जणू काहीतरी चोरताना सापडली आहे.

तर आता चमच्यांचं. प्रत्येक टेबलावर दोन डबे असायचे. एकात धुतलेले चमचे, दुसरा रिकामा. रांधताना मधे मधे चव घ्यायची, आणि तोंडाला लागलेला चमचा परत भांड्यात घालायचा नाही, त्या दुसऱ्या डब्यात टाकायचा. तो उष्ट्या चमच्यांचा डबा. सुटायच्या वेळी मास्तरीण टेबलाटेबलावर जाऊन तोच डबा आधी उघडायची. पदार्थ नंतर. न चाखता वाढलं तर तिच्याकडे माफी नव्हती. अंडीवालीचा डबा उतू जायचा (ती चव घेत नव्हती, जेवत होती). आमच्या सुनेचा डबा रोज रिकामा. पहिला आठवडा रिकामा, दुसरा आठवडा रिकामा. मास्तरणीला वाटलं ही गर्विष्ठ आहे. वर्गात वाटतात त्या कृतीच्या कागदावर शेवटी लिहिलेलं असतं, मीठ चवीनुसार. एके दिवशी मास्तरीण ते मोठ्याने वाचत होती, तर आमच्या सुनेने हात वर केला. पंधरा दिवसांतला तिचा पहिला प्रश्न. म्हणाली, चवीनुसार म्हणजे कुणाच्या?

सगळा वर्ग हसला. मास्तरीण म्हणाली, अगं तुझ्या, आणखी कुणाच्या! सुनेने तिच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी तिला बस चालवायला सांगितलं आहे. मी हसले नाही. मी बटाटे सोलत होते.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. सुनेच्या डब्यात दहा चमचे! मास्तरणीने टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात चमचे धुण्याची पाळी माझी होती. मी डबा मोरीत उपडा केला. दहाही चमच्यांना ना तेल, ना गाजराचा कण. नुसतं पाणी. तिने स्वच्छ चमचे पाण्यात बुडवून इकडचे तिकडे टाकले होते. मी ते धुतले, म्हणजे धुतलेलेच परत धुतले, पुसले, जागेवर ठेवले आणि गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. घरी भाच्यालाही सांगितलं नाही. हे राखणीच्या कामात बसत नव्हतं.

ती का चाखत नव्हती हे त्या माडीवर फक्त मला ठाऊक होतं. आणि वन्सं, जगात आणखी कुणाला कळेल तर ते तुम्हाला. रांधणारीने वाढण्याआधी चव घेतली की अन्न उष्टं होतं, आणि माझ्या मुलाला उष्टं वाढायचं नाही, हा तुमच्या आईंचा नियम. मी सोळा वर्षांची, घरात येऊन महिना झाला नव्हता. रस्सा उकळत होता, मी करंगळी बुडवून चाटली. तुमच्या आईंनी पळी विस्तवावर धरली. घाई केली नाही, नीट तापू दिली. कामात बाई चोख होत्या. मग म्हणाल्या, जीभ काढ. आणि मी काढली, वन्सं. एवढं मला अजून कळलेलं नाही. मला धरायला कुणी नव्हतं. दार उघडं होतं. मी आपली आपण काढली. तुम्ही बारा वर्षांच्या, दाराआड उभ्या, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून. नंतर तुम्ही वाटीत गार दूध आणलंत, माझ्यासमोर ठेवलंत आणि पळालात. जिभेच्या त्या भागाला तेव्हापासून गरमगार कळत नाही, चव तर नाहीच.

सून आली तेव्हा मी पळी तापवली नाही. मी काही तुमची आई नाही. मी नुसतं सांगितलं, आणि सांगताना जीभ बाहेर काढून दाखवली. पुरलं.

आता नियम असा की ती चाखणार नाही, म्हणजे मीठ अंदाजाने. आठापैकी सात दिवस अंदाज बरोबर येतो. आठव्या दिवशी मी पहिला घास घेऊन म्हणायची, मीठ कमी आहे. वाईट हेतूने नव्हे. सासूने काहीतरी म्हणायचंच असतं. आणि मग तुमचा भाचा उठायचा. त्याचे वडील उठायचे तसाच, उजवा गुडघा आधी. (रक्त कुठे जात नाही म्हणतात. ते खरं आहे, ते जेवायला बसतं.) तो उठला की मी माझं ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि जेवण संपवायची. अन्न टाकू नये. त्या भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, बसलेल्या उंटासारखा. त्या उंटाचे केस मी मोजलेले आहेत. ते झालं की मी सुनेला हळद लावून द्यायची. म्हणजे माझी मी चांगली.

पण वर्गात हे चालेना. चौथ्या आठवड्यात मास्तरणीने सुनेला सगळ्यांदेखत विचारलं, डब्यात दहा चमचे आणि सुपात मीठच नाही, हे कसं? मग म्हणाली, यापुढे चाखली नाहीस तर परीक्षेला बसवणार नाही. रुग्णालयात आजारी माणसांना अंदाजाने जेवायला घालतात का? सून गोरीमोरी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला तरी असा लागला की हे तुमचं काम, तुम्ही निस्तरा.

आली का पंचाईत! माझाच धडा, मलाच उलटा शिकवायचा. मी चमचा घेतला, तिच्या पातेल्यात बुडवला आणि तिच्या डोळ्यांसमोर तोंडात घातला. मीठ खरंच नव्हतं. मी म्हटलं, बघ, छप्पर जागेवर आहे. तिने आधी छपराकडे पाहिलं, मग दाराकडे. मी म्हटलं, दाराकडे मी बघते. मग ती पिठाच्या पोत्यांच्या आडोशाला गेली आणि मी दाराकडे तोंड करून पहारा करत उभी राहिले. राखण करायलाच मला पाठवलं होतं ना, मी राखण केली. मागून चमचा दाताला लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, आई, याला काही चवच नाही हो. मी म्हटलं, मग घाल. तिने चिमूट घातली, परत चाखलं, परत घातली. त्या दिवशी सहा चमचे उष्टे झाले. मोरीत ते मी धुतले, सहाही तेलकट.

पुढचे दोन महिने बरे गेले. बरे म्हणजे वर्गात. तिथे आम्ही एकमेकींच्या पातेल्यात चमचा घालून बोलायचो, आंबट झालं, मिरी जास्त, मीठ चिमूटभर आणखी चाललं असतं, आणि कुणी कुणावर रागवत नव्हतं. जिने केलं ती म्हणायची, हो आजी, आणि चिमूट घालायची. एवढंच. मीठ कमी आहे यावर उपाय म्हणजे मीठ घालणं, हे मला या वयात कळलं. माझी जीभसुद्धा अर्धीमुर्धी शिकली. तेच नडलं.

सोमवारी परीक्षा होती. रविवारी दुपारी घरी आम्ही चौघं, नात धरून, जेवायला बसलो. बटाट्याचा रस्सा, भात. सुनेने घरी पहिल्यांदाच चाखून केला होता. खिडकीपाशी पाठ करून तिने पटकन चमचा तोंडात घातला, मी पाहिलं, आणि मला (मूर्ख म्हातारीला) बरं वाटलं. पहिला घास घेतला आणि वर्गात बोलावं तशी मी बोलून गेले, छान झालाय गं, मीठ चिमूटभर आणखी चाललं असतं.

कुठल्या खोलीत बसले आहे तेच मी विसरले.

उजवा गुडघा आधी. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, स्टीलचा, जड बुडाचा. तो तिच्या तोंडावर बसला. मी उठले नाही. सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिते, मी उठले नाही, मी ताट उचललं आणि भिंतीकडे वळले. आणि शेजारी काहीतरी हललं म्हणून पाहिलं, तर माझी नात. सात वर्षांची. तिने आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं होतं, एक थेंब सांडू न देता, आणि ती माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने मांडी घातली, घास घेतला आणि उंटाकडे बघत नीट चावून खाल्ला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं होतं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अन्न टाकलं. पहिल्यांदाच.

सोमवारी सून परीक्षेला उभी राहिली ती खालचा ओठ सुजून फुटलेला. मास्तरीण जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारलं. सून म्हणाली, दार लागलं. अंडीवाली कांदा चिरत होती, तिने मान वर न करता म्हटलं, दारं आमच्याकडेही होती बाई, माझ्या दोन लग्नांत दोन लागली. कुणी हसलं नाही. परीक्षक बाहेरून आलेले, हातात पाटी, पायात चकचकीत बूट, टेबलाटेबलावर थांबून लिहीत होते. सुनेला भाज्यांचं सूप आलं होतं. सूप उकळलं. चाखायची वेळ आली. तिने चमचा उचलला, फुंकला आणि थांबली. मला वाटलं, संपलं. मग तिने तो अख्खा चमचा तोंडात घातला, फुटलेल्या ओठावरून. ओठावर मीठ काय करतं ते तुम्हाला सांगायला नको. तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. परीक्षकांना वाटलं कांदा. ते म्हणाले, बाई, हवं तर बाजूला व्हा. ती झाली नाही. पाणी तसंच वाहू देत तिने गिळलं आणि सहाही टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मीठ कमी आहे.

वन्सं, ते शब्द ऐकून माझा हात सवयीने ताट शोधायला लागला. पण कुणी उठलं नाही. तिने चिमूट घातली, ढवळलं, नवा चमचा घेतला आणि परत तोच ओठ. चार चमचे झाले. चौथ्याला म्हणाली, आता बरोबर.

ती पास झाली. पहिली वगैरे नाही, चौथी. पहिली अंडीवाली आली. मी नापास. माझा भात लागला हे एक, आणि दुसरं म्हणजे तोंडी प्रश्न. परीक्षकांनी विचारलं, आजी, जेवणाबद्दल तक्रार आली तर काय कराल? उत्तर मला पाठ होतं: ऐकून घ्यायचं, माफी मागायची, दुसरं ताट द्यायचं. पण माझ्या तोंडातून निघालं, आपलं ताट घेऊन भिंतीकडे वळायचं. त्यांनी पाटीवर शून्य घातलं. माणूस न्यायी होता.

घरी मी उलट सांगितलं. म्हटलं, मी पास, तुझी बायको नापास, आणि नोकरीला माझं वय बसत नाही. तुमचा भाचा इतका खूश मी कधी पाहिला नाही. आई पास आणि बायको नापास! टायरच्या दुकानात त्याने सगळ्यांना चहा पाजला. बायकोला म्हणाला, बघ, म्हातारीच्या पायाचं पाणी पी. सून मान खाली घालून उभी होती. तिचं प्रमाणपत्र तेव्हा साखरेच्या डब्यात साखरेखाली होतं. (म्हणून त्या आठवड्यात चहाला साखर कमी पडली. त्यावर कुणी उठलं नाही. साखरेला तो नियम नाही.)

तर असं आहे सगळं. विशेष लिहिण्यासारखं काही नाही. वर्ग संपला आहे, पण परीक्षेनंतरही एक आठवडा आहे असं मी घरी सांगून ठेवलं आहे, आणि आज दुपारी त्याच एकोणीस पायऱ्यांपैकी सातवीवर बसून हे लिहिते आहे. तुमच्या प्रकृतीला जपा. तुमच्यापेक्षा मानाने लहान आणि वयाने मोठी,

तुमची वहिनी.

ता. क. तुमच्या प्रकृतीवरून आठवलं. तुम्ही अंथरुणाला खिळल्या आहात हे मीच सांगितलं आहे. तुमचं पत्र आलं, करणारं कुणी नाही, सुनेला पाठवा म्हणून विनवलं आहे, असंही सांगितलं. (ते पत्रही मीच लिहिलं, डाव्या हाताने. माझ्या उजव्या हातापेक्षा तुमचं अक्षर बरं आलं.) तुमचा भाचा एका शब्दात हो म्हणाला. आत्याला मूलबाळ नाही आणि आत्याचं घर स्वतःचं आहे, हे त्याला तोंडपाठ आहे. जा म्हणाला, पोरीलाही ने, नीट सेवा कर, महिना लागो, दोन लागोत. तेव्हा तो कधी डोकावला तर पांघरूण घेऊन पडा आणि कण्हा. शाळा चुकवायला तुम्ही पोटदुखीचं सोंग करायचात तसं चालेल, ते झकास असायचं. मरू नका, आणि बऱ्याही होऊ नका. तिचा पगार सुरू होऊन तिला खोली मिळेपर्यंत असंच मधल्यामधे राहा.

आणखी ता. क. हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. तुम्ही हे वाचताय तेव्हा ती तुमच्या दारात उभी असेल, पोरीचा हात धरून, आणि या, बसा म्हटल्याशिवाय आत येणार नाही. आधी त्यांना आत घ्या आणि मग वाचा, हे अगदी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. राहिलं. ओठावरची खपली अजून निघायची आहे; विचारू नका, दार म्हणेल. वर तिच्याबद्दल जे लिहिलं आहे ते तिला दाखवू नका, नळाचं तर मुळीच नाही. रुग्णालयात सकाळी सहाला हजर व्हायचं आहे. आजाऱ्यांचं जेवण तिथे मुद्दाम कमी मिठाचं करतात म्हणे, डॉक्टरांची तशी लेखी आज्ञाच आहे. तिला सांगितलं तर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पोरीचं एक आहे. ती ताटावर बसली की आधी मोठ्यांच्या तोंडाकडे बघते आणि मगच घास घेते, म्हणून तुम्ही आधी खा आणि तोंड बरं ठेवा. तिला बसवताना पाठ भिंतीला टेकवून बसवा. म्हणजे वळायला भिंत उरणार नाही.

शेवटचं. मी का आले नाही असं विचाराल. घरात कुणीतरी रांधायला हवं, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी तिला परत न्यायला येईल. वर्गातून निघताना मास्तरणीने मला दोन डबे आणि डझनभर चमचे दिले, नापासांचं बक्षीस. ते मी शेगडीजवळ मांडले आहेत. उद्या दुपारी तो जेवायला बसेल. मी त्याच्यादेखत चाखीन, चमचा उष्ट्याच्या डब्यात टाकीन आणि रस्सा वाढीन. मीठ मुद्दाम कमी घालणार आहे. माझं ताट या वेळी त्याच्या समोर मांडणार आहे, उंट माझ्या पाठीमागे. उजवा गुडघा हलतो का बघते.